टेस्टला लोक का येत नाहीत? मराठवाड्यातल्या एका काउन्सेलरचं उत्तर

प्रश्न असा आलाय: बीड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन स्टाफ नर्स म्हणून लागलेय, आसपासच्या गावांतली बरीच घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. एचआयव्हीची पोस्टरं लावली, 1 डिसेंबरला, एड्स दिनाला, शाळेची रॅली काढली, तरी गरोदर बायका सोडून टेस्टला कुणीच येत नाही. आणि खरं सांगायचं तर पॉझिटिव्ह बाईची डिलिव्हरी आली तर मलाच भीती वाटते, सिनिअर म्हणतात रेफर करून मोकळं व्हायचं. जुन्या लोकांचं काय मत?

मी मराठवाड्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची) काउन्सेलर आहे, 2008 पासून, त्याच्या आधी दोन वर्षं ट्रकवाल्यांच्या प्रकल्पात ढाब्याढाब्यावर फिरले. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पोस्टरचं आधी सांगते. तुमच्या गावात कुणालाही धरून विचारा एचआयव्ही कशानं होतो, चारी कारणं पाठ आहेत लोकांना, असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला, आठवीतलं पोरगं पण क्रमानं म्हणून दाखवतं. सरकारची एड्स नियंत्रण संस्था नाको 1992 ला सुरू झाली, तेव्हापासून आपण भिंती रंगवतोय, माहिती पोचली हो. सुरुवातीच्या काळात तर हाडाचे सापळे काढून भीती पण भरपूर पोचवली, ती अजून निघाली नाही. आता गडी टेस्टला येत नाही कारण त्याला आजारापेक्षा आपली भीती जास्त. आपली म्हणजे तुमची माझी, केसपेपरच्या खिडकीवर बसलेल्या माणसाची, रजिस्टर उघडं टाकून चहाला गेलेल्या टेक्निशियनची. आपल्या तालुक्यात कोण कुणाचा कोण लागतो हे सांगायला नको. माझ्याकडं एकजण सात वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन एचआयव्हीच्या (एआरटीच्या) गोळ्या आणत होता, दिवस मोडून, एसटीचं भाडं घालून, आणि आमचं रुग्णालय त्याच्या घरापासून नऊ किलोमीटर. का, तर त्याचा साडू आमच्याकडं वॉर्डबॉय. मी त्याला जवळच्या सेंटरला जोडून द्यायला निघाले होते, कागदावर ते फार चांगलं दिसतं, तो हात जोडून म्हणाला "म्याडम, तेवढं नका करू." तेव्हापासून मी आधी विचारते, तुम्हाला कुठं सोयीचं पडतं, आणि सोय म्हणजे जवळ असंच काही नसतं.

चूक माझ्याकडून पण झालीय, ती सांगितल्याशिवाय तुम्हाला शिकवायचा मला हक्क नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईनं गोळ्या सोडल्या, फोन लागेना, आम्ही दोघंतिघं जीप घेऊन थेट तिच्या वस्तीवर गेलो, जीपवर कार्यक्रमाचं नाव आणि लाल फीत ठळक. आम्ही पोचायच्या आधी पोरं जीपमागं पळत होती, घराघरातून बायका दारात. ती बाई बाहेर आली, म्हणाली "मी कुणाला वळखत न्हाई तुमाला", आणि आत गेली. नंतर ती ते गाव सोडून माहेरी गेली असं कळलं, आमच्याकडं परत कधीच आली नाही. तिच्या गोळ्या तुटल्या, पुढं काय झालं मला माहीत नाही, आणि हे माझ्या कामाच्या उत्साहानं झालेलं आहे. आता मी कुणाच्या घरी जात नाही, आशाताईमार्फत निरोप पण नेमका द्यायचा, "रक्ताच्या तपासणीला बोलावलंय" एवढाच, आणि भेटायचं तर बाजाराच्या दिवशी, एसटी स्टँडवर, गर्दीत कुणाचं लक्ष नसतं.

तुमच्याकडं बोटाच्या रक्ताची टेस्ट होते ना, त्यात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तुमच्या किटवर दोन रेघा आल्या म्हणजे ती "रिअॅक्टिव्ह", पॉझिटिव्ह नव्हे. आयसीटीसीला वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात, तिन्हींवर आलं तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. एका ठिकाणी सिस्टरनं पहिल्याच किटवर सासूला सांगून टाकलं, "जपून राहा, सुनेचं रक्त खराब निघालंय". पुढं आमच्याकडं कन्फर्म निगेटिव्ह आलं, पण तोवर त्या पोरीची भांडी वेगळी झाली होती, बाज गोठ्यात गेली होती. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून पण सासू म्हणे आधी काहून तसं सांगितलं मग. आणि समजा खरंच पॉझिटिव्ह असती तरी सासूला सांगायचा आपल्याला काय अधिकार? 2017 चा एचआयव्हीचा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालाय, टेस्टच्या आधी संमती पाहिजे आणि रिपोर्ट गुप्त पाहिजे. नवराबायकोच्या बाबतीत तेवढी वाट ठेवलीय, म्हणजे जोडीदाराला खरा धोका आहे, पेशंटला समजावून झालंय, तो स्वतः सांगणार नाही असं दिसतंय, आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवलंय, एवढं सगळं झाल्यावर डॉक्टर किंवा काउन्सेलर जोडीदाराला समोर बसवून सांगू शकतो. ते काम आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त चिठ्ठी द्या, चिठ्ठीवर लाल पेननं गोल करू नका, केसपेपरवर स्टिकर लावू नका. मी फाईलवर "एच+" असं बोटभर अक्षरात लिहिलेलं पाहिलंय, ती फाईल नातेवाईकाच्याच हातात, वॉर्डभर फिरत होती.

आता तुमच्या भीतीकडं येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिथंच आहे, आणि तुम्ही ती कबूल केली ह्याचं मला बरं वाटलं, बाकीचे कबूल न करता नुसतं रेफर करतात. गणित बघा. पॉझिटिव्ह पेशंटची वापरलेली सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता 1000 मध्ये 3 च्या आसपास, तेही पेशंट गोळ्या खात नसेल तर. त्यापेक्षा हिपॅटायटिस बी ची शक्यता कितीतरी जास्त, लस घेतली नसेल तर 100 मध्ये 30 पर्यंत जाते, आणि त्याला कुणीच भीत नाही. तुमचे बी चे तीन डोस झालेत का? आधी ते बघा. सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच मेडिकल ऑफिसरला सांगून पेप, म्हणजे लागण टाळायच्या गोळ्या, सुरू करायची, दोन तासांत झाली तर उत्तम, 72 तासांच्या पुढं उपयोग नाही, 28 दिवस एकही गोळी न चुकवता. तुमच्या केंद्रात पेपच्या गोळ्या कुठं ठेवल्यात, एक्सपायरी काय, रात्री कपाटाची चावी कुणाकडं असते, हे आजच विचारून घ्या. रात्री दोनला सुई टोचल्यावर चावी शोधत बसलेली सिस्टर मी बघितलीय.

आणि ज्या बाईचा रिपोर्ट तुम्हाला माहितीय, जी रोज गोळी खाते, तिच्यापासून धोका जवळजवळ नसतोच. धोका असेल तर तो ज्याचा रिपोर्ट कुणालाच माहीत नाही त्या पेशंटपासून, आणि तिथं आपण बिनहातमोज्याचं सलाईन लावून मोकळे होतो. ग्लोव्हज सगळ्यांसाठी घाला, एकीसाठी दोन जोड्या आणि दुसरीसाठी काहीच नाही असं करू नका, त्या दोन जोड्यांनीच पूर्ण लेबर रूमला कळतं कोण पॉझिटिव्ह ते.

रेफरचं म्हणाल तर मला त्याचा फार राग आहे. कळा सुरू झालेली बाई, पिशवीचं तोंड बरंच उघडलेलं, साठ किलोमीटरवर पाठवली, रस्त्यात गाडीत बाळंत झाली, बाळाचं सिरप राहिलं मागं. एचआयव्ही आहे म्हणून सिझर लागत नाही, बाळंतपणाचं दुसरं कारण असेल तरच. पाणमोट उगीच फोडू नका, टाका गरज असेल तरच, नाळ नेहमीसारखी बांधा, बाळ पुसून घ्या, नेव्हिरॅपिन सिरप जन्मल्यावर लवकरात लवकर सुरू करा, साधारण सहा आठवडे चालतं, आईच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या असतील तर बाळाला काय आणि किती दिवस द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. उपचार काहीच नसला तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होते, आईच्या गोळ्या नीट चालू असतील तर 5 च्या खाली येते. एवढा फरक पाडणारं दुसरं कुठलं काम तुमच्या हातात आहे सांगा. लातूर जिल्ह्यात हासेगावला सेवालय आहे, बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आहे, एचआयव्ही असलेली मुलं तिथं वाढवतात, एकदा जाऊन या सुट्टीच्या दिवशी. त्या मुलांकडं बघताना मला दरवेळी वाटतं, ही आपल्यासारख्यांच्या लेबर रूममधून सुटलेली कामं आहेत.

दुधाचं विसरले. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, किंवा आईबाप ठरवून देणार असतील तर फक्त वरचं, दोन्ही मिसळायचं नाही. पण आपल्याकडं म्हातारी आधी मध चाटवते, घुटी देते, शेळीचं दूध पाजते, "बाळ भुकंजलंय" म्हणून. सुनेला सांगून काही होत नाही, तिच्या हातात नसतं ते. मी सासूला बोलावते, एचआयव्हीचा शब्द काढत नाही, बाळाचं आतडं नाजूक असतं एवढंच सांगते आणि ते सगळ्याच बाळांना लागू आहे म्हणून खोटं पण होत नाही. अजून एक बारीक गोष्ट, गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम चालू असतं आणि एआरटीच्या टीएलडी ह्या तीन औषधांच्या एकाच गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर त्यांच्यासोबत उपाशीपोटी घेतलं तर नीट लागू पडत नाही, एआरटीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ठेवायला सांगा. हे गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी सांगायला कुणालाच आठवत नाही.

ऊसतोडीचं आता. बाहेरून येणारे लोक म्हणतात स्थलांतर म्हणजे गडी एकटा शहरात गेला आणि आजार घेऊन आला. आपल्याकडं तसं सरळ नाही, कोयता म्हणजेच नवराबायकोची जोडी, दोघं एकाच कोपीत, म्हणजे झोपडीत. त्यातले ड्रायव्हर, एकटी गेलेली पोरं, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्याशी बोलायला पाहिजे. पण मला जास्त काळजी असते ती आधीच गोळ्या चालू असलेल्यांची. दसरा झाला की टोळी निघते, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मुकादम सांगेल त्या दिवशी ट्रॅक्टरात बसायचं, आणि सांगली कोल्हापूर नाहीतर कर्नाटक, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत नाही. फडावर पहाटं तीनला उठणं. पूर्वीच्या गोळीत इफाव्हिरेंझ होतं, रात्री घेतली की चक्कर, भलतीसलती स्वप्नं, पहाटं कोयता हातात धरायचा म्हणून बायका गोळीच सोडून द्यायच्या, आणि आम्ही रजिस्टरला लिहायचो "निष्काळजी". टीएलडी आल्यापासून तो त्रास बराच गेला, दिवसात कधीही घेतली तरी चालते. पण गोळी लपवायची कुठं हा प्रश्न तसाच राहिला. कोपीत ना दार ना कपाट. डबीचं लेबल काढतात, आतल्या गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस कोंबतात, विचारलं तर रक्तवाढीची गोळी. ही युक्ती मला एका पेशंटनंच शिकवली, मी पुढं दहाजणींना सांगितली. फक्त डबीतली ती ओल शोषणारी पुडी टाकू नका म्हणते.

मग हे प्रतिबंधात कसं बसतं असं विचाराल तर ऐका. गोळ्या सहा महिने नीट झाल्या की व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात, मग बाराव्या महिन्याला आणि पुढं वर्षातून एकदा. तो मशीनला सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर त्या माणसाकडून संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. होत नाही म्हणजे होत नाही, हे आपल्याच स्टाफला पटत नाही अजून. म्हणजे सप्टेंबरात तीन महिन्यांच्या गोळ्या हातात पडल्या आणि पुढच्या गोळ्या कारखान्याच्या जवळच्या एआरटी सेंटरला मिळायची सोय झाली तर तुम्ही दहा रॅल्यांपेक्षा जास्त काम केलं. म्हणून माझं वर्षाचं गणित 1 डिसेंबरवर नसतंच, तोवर आमचा अर्धा तालुका फडावर असतो आणि रॅली बघायला म्हातारे आणि शाळेची पोरं. पोळा झाला की मी कामाला लागते. तुम्ही पण आशाताईंना घेऊन पोळा ते दसरा ह्या दिवसांत बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, सिफिलिस, एचआयव्ही अशी एकत्र तपासणी ठेवा, गडीमाणसांसाठी संध्याकाळी. पण लपवून करायची नाही, "रक्त घेतलंच आहे तर करून टाका" असं आमच्यातलेच म्हणतात. नाव घेऊन सांगायचं की ह्यात ही पण टेस्ट आहे, नको असेल तर नको म्हणा. मला आश्चर्य वाटलं होतं, दहातले एकदोनच नको म्हणतात. बीपीच्या रांगेत उभं राहायला कुणाला लाज वाटत नाही, अडचण त्या वेगळ्या खोलीची आणि त्या पाटीची होती.

बायकांकडून एक वाक्य तुम्ही रोज ऐकणार, "अंगावरून पांढरं जायलंय". ते ऐकून रक्तवाढीची गोळी देऊन परत पाठवू नका. 2019 ला आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, त्यातल्या कितीतरी जणींचं दुखणं पांढऱ्या जाण्यापासूनच सुरू झालेलं. गुप्तरोगाचा साधा इलाज वेळेवर झाला असता तर ऑपरेशनपर्यंत गेलंच नसतं, आणि तो जंतुसंसर्ग अंगात असला की एचआयव्ही लागायची शक्यता पण वाढते. कीट फुकट आहेत, रंगानं ओळखायचे, योनीमार्गाच्या त्रासाला हिरवं, गर्भाशयाच्या तोंडाला सूज असेल तर राखाडी, ओटीपोट दुखत असेल तर पिवळं, डॉक्टरांना दाखवून द्या. बऱ्याचदा नवऱ्याला पण द्यायचं असतं, तिथं गाडी अडते. मी कीट बायकोच्या हातात देऊन बघितलं, तो घेत नाही, उलट तिच्यावरच संशय. आता नवऱ्याला पाठकंबरेच्या दुखण्याच्या निमित्तानं बोलावून डॉक्टरांकडूनच सांगवते.

निरोधबद्दल एवढंच, जिथं सही करून घ्यावा लागतो तिथं तो कुणी नेत नाही. आमच्याकडं डबा ओपीडीत समोर होता, महिनोन्महिने भरलेला. उचलून पुरुषांच्या मुतारीच्या बाहेर ठेवला, आठवड्यात रिकामा. पोरांनी फुगे केले असतील म्हणून सरांनी हिशोब मागितला, मी म्हटलं निम्म्याचे फुगे झाले तरी परवडलं. गावात कटिंगच्या दुकानात ठेवून बघा, तिथं गडी निवांत बसलेले असतात. बाईला मात्र नुसतं निरोध वापरायला सांगू नका, घरी काढून दाखवला तर मार खाते ती.

आपल्यातले बरेच जण म्हणतात लग्नाआधी टेस्ट सक्तीची करा, सगळं थांबेल. मला अजिबात पटत नाही. लागण झाल्यावर सुरुवातीच्या विंडो पिरियडमध्ये रिपोर्ट निगेटिव्ह येतो, रिपोर्ट पैसे देऊन पण बनतो, आणि एकदा तो कागद आला की पुढची वीस वर्षं दोघंही बिनधास्त. राजीखुशीनं दोघं आले तर मी आनंदानं करते, येतात हल्ली, पोरीकडचे जास्त.

आणि सुईचा नाद. आपल्या भागात सुई टोचल्याशिवाय आणि सलाईन लावल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही, लाल सलाईन असेल तर मग विचारूच नका. 2018 ला उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एका बोगस डॉक्टरनं एकच सुई सगळ्यांना वापरली म्हणून चाळीसच्या वर लोकांना लागण झाल्याचं समोर आलं. गावातल्या लोकांना हे एवढंच सांगा की सुई पाकीट फोडून तुमच्यासमोर काढायला लावा. हे सांगायला लाजायचं कारण नाही, ह्यात संबंधांचा विषयच येत नाही त्यामुळं चावडीवर पण बोलता येतं, म्हातारी माणसं पण ऐकतात.

कुणाला तुमच्याशी बोलायचं नसेल तर 1097 नंबर द्या, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि पहिली पॉझिटिव्ह डिलिव्हरी आली की घाबरला तर जवळच्या काउन्सेलरला फोन लावा, रात्री असला तरी. आम्हाला शिव्या खायची सवय आहे, पण रेफर नका करू. उद्या ड्युटीवर गेल्यावर तेवढा सुई कापायचा हब कटर चालवून बघा, आमच्याकडचा दोन वर्षं बंद होता आणि रजिस्टरला रोज चालू.